इस्रायलच्या फुटबॉल क्लबचा सीझनवार चार्ट कसा करायचा, आणि लीगच्या नावांना कसं फसायचं नाही

मी हापोएल बेएर शेव्हा या क्लबचा सीझनवार चार्ट करायला बसलो तेव्हा वाटलं होतं एका दुपारचं काम आहे. एका ओळीत एक सीझन, कुठली लीग, कितवा नंबर, कपमध्ये कुठवर पोचले, बस. चार्ट झाला पण, दिसायलाही छान दिसत होता, फक्त चुकीचा होता. आणि चूक अशा जागी की बघणाऱ्याला कधी कळलीच नसती. त्यामुळे आधी ती चूकच सांगतो, अर्धी गाइड त्यातच आहे.

1997 ला या क्लबने स्टेट कप (लीगपेक्षा वेगळी, हरला की बाहेर अशी देशातली स्पर्धा) जिंकला आणि पुढच्याच सीझनला, 1997-98 ला, लीगमधून खाली गेले (हो, कप जिंकून लगेच खाली, असले क्लब असतात). तेव्हा ते लिगा लेउमितमध्ये होते, ती तेव्हाची सगळ्यात वरची लीग. 1998-99 ला तिच्या खालची लिगा आर्त्झित. आणि 1999-2000 ला परत लिगा लेउमित. मी काय लिहिलं? "एका वर्षात परत वर आले". साफ चूक. 1999 च्या उन्हाळ्यात लिगत हाअल नावाची नवी टॉप लीग सुरू झाली आणि लिगा लेउमित आपोआप दुसऱ्या नंबरची लीग झाली. म्हणजे हे लोक वर गेलेच नव्हते, होते तिथेच होते, डोक्यावरची पाटी तेवढी बदलली. खरे वर आले ते 2001 ला.

म्हणून पहिला नियम, शीटमध्ये लीगच्या नावाशेजारी "स्तर" असा वेगळा कॉलम करा आणि त्यात फक्त 1, 2, 3 असा आकडा लिहा. नाव काय ते नंतर, आधी स्तर. कारण तिथे नावं फिरत राहिलीत. 1949-50 ला देश झाल्यानंतरची पहिली लीग झाली, तिच्या पुढच्या सीझनपासून 1955 पर्यंतचा सगळा घोळ खाली सांगतो, पण तोवर लिगा आलेफ म्हणजे सगळ्यात वरची असं धरून चला. आलेफ म्हणजे त्यांचं पहिलं अक्षर, आपल्या "अ" सारखं. 1955-56 पासून लिगा लेउमित वर आणि आलेफ दुसरी. 1976 ला आर्त्झित मध्ये घुसली म्हणून आलेफ तिसरी. 1999 ला वर हाअल आली, सगळे एकेक पायरी खाली, आलेफ चौथी. 2009 ला आर्त्झित बंदच केली, आलेफ परत तिसरी. एकच नाव, चार वेगळे स्तर. गंमत म्हणजे लेउमित आणि आर्त्झित या दोन्ही शब्दांचा अर्थ साधारण "देशपातळीवरची" असाच होतो, त्यामुळे अर्थावरून काही अंदाज लागेल ही आशा सोडा.

आता वर्षं. आपल्याला सवय असते की 1949 पासून पुढे दरवर्षी एक ओळ ओढत जायची. तसं इथे करू नका. 1950-51 ला लीगच झाली नाही, 1952-53 ला पण नाही. त्या ओळी उडवायच्या नाहीत, ठेवायच्या आणि "लीग झाली नाही" असं लिहायचं, नाहीतर वाचणारा समजतो तुमच्याकडून राहून गेली. उलटा प्रकार 1966-68 चा. दोन वर्षं मिळून एकच लीग! 16 टीम, प्रत्येकीशी चार मॅच, म्हणजे टीमला 60 मॅच, आणि मधे जून 1967 चं युद्ध. चॅम्पियन एकच, मक्काबी तेल अवीव. पण कप मात्र दरवर्षी झाला, 1967 चा मक्काबी तेल अवीवने घेतला आणि 1968 चा ब्नेई येहुदाने. म्हणजे लीगची ओळ एक आणि कपच्या दोन. मी इथे लीगचे सेल मर्ज करतो आणि कपच्या कॉलममध्ये दोन ओळी ठेवतो. मर्ज केलेले सेल पुढे सॉर्टिंगला त्रास देतात हे माहीत आहे, तरी डोळ्याला लगेच कळतं म्हणून चालवून घेतो.

आणि तुमचा क्लब जुना असेल, म्हणजे तेल अवीव किंवा हैफाचा वगैरे, तर 1948 च्या आधीचा भाग वेगळ्या शीटवर घ्या. ब्रिटिश राजवटीतली ती लीग 1931-32 ला सुरू झाली आणि पहिली चॅम्पियन टीम कोण, तर ब्रिटिश पोलीस! 1928 च्या पहिल्या कपचं तर अजून भारी आहे. हापोएल तेल अवीवने जेरुसलेमच्या मक्काबी टीमला फायनलमध्ये 2-0 हरवलं, पण नियमात न बसणारा खेळाडू खेळवला म्हणून कप शेवटी दोघांत वाटला गेला. आता याला "विजेते" लिहायचं का? मी "संयुक्त" लिहितो आणि शेरा देतो. बेएर शेव्हाचं बरं आहे, क्लबच 1949 चा, हा सगळा गुंता नाही.

आकडे भरलेत की लगेच हिशोब तपासा. जिंकलेल्या, बरोबरीच्या आणि हरलेल्या मॅच मिळून एकूण मॅच येतात का बघा. पॉइंट्सचं सूत्र मात्र वर्षानुसार बदला, 1981-82 पर्यंत विजयाला 2 पॉइंट, 1982-83 पासून 3. समजा 30 मॅच, 15 विजय, 9 बरोबरी, 6 हार, तर जुन्या पद्धतीने 39 आणि नव्याने 54. जुन्या सीझनचे पॉइंट नव्या हिशोबाने बदलून लिहिणारे लोक असतात, कृपा करून ते करू नका, त्या वर्षी टेबलमध्ये होता तोच आकडा लिहा. हवं असेल तर तुलनेसाठी बाजूला अजून एक कॉलम करा.

हिशोब नाही जुळला तर लगेच स्वतःला दोष देऊ नका, कधी कधी तो जुळणारच नसतो. 2009-10 ला नियमित मॅच संपल्यावर सगळ्यांचे पॉइंट अर्धे केले आणि मग प्लेऑफ खेळवला. त्याच सीझनला शेवटच्या दिवशी एरान झहावीने जेरुसलेमच्या टेडी स्टेडियममध्ये इंज्युरी टाइमला गोल मारून हापोएल तेल अवीवला चॅम्पियन केलं, तिकडे मक्काबी हैफा बरोबरीत अडकली. अर्धे पॉइंट नसते तर काय झालं असतं यावर तिथले लोक अजून भांडत असतील, आपण फक्त "पॉइंट अर्धे" असा शेरा टाकायचा. पेनल्टी पॉइंटचं पण तसंच, 2016-17 ला हापोएल तेल अवीवचे आर्थिक भानगडीमुळे 9 पॉइंट कापले आणि ते खाली गेले. सूत्राने येणारा आकडा आणि टेबलमधला आकडा यात बरोबर 9 चा फरक दिसला तर तुमची शीट बरोबर आहे.

अजून एक, 2012-13 पासून टॉप लीगमध्ये 14 टीम आहेत, 26 मॅचनंतर वरच्या 6 आणि खालच्या 8 अशा वेगळ्या होतात. वरच्यांच्या एकूण 36 होतात, खालच्यांच्या 33. म्हणजे एकाच क्लबच्या लागोपाठ दोन सीझनमध्ये मॅचचा आकडा वेगळा आला तरी घाबरायचं नाही. आणि टीमची संख्या पण लिहा बरं का. 2008-09 ला बेएर शेव्हा (मधे परत खाली गेले होते) पुन्हा वर आले ती गोष्ट संख्येशिवाय समजत नाही, कारण टॉप लीग 12 वरून 16 टीमची होत होती आणि खालून एकदम बऱ्याच टीम वर घेतल्या.

कपचे दोन कॉलम ठेवा, स्टेट कप वेगळा आणि टोटो कप वेगळा. टोटो कप हा लीगवाल्यांचा कप, आणि तो वरच्या लीगचा वेगळा, खालच्या लीगचा वेगळा होत आलाय, त्यामुळे नुसतं "टोटो कप जिंकला" लिहिलंत तर कुठला ते कळत नाही.

परदेशी स्पर्धांचा कॉलम हा माझा आवडता, कारण तिथे रिकामी जागा पण बोलते. बेएर शेव्हा 1974-75 आणि 1975-76 असे लागोपाठ दोनदा चॅम्पियन झाले आणि त्या दोन्ही ओळींपुढे परदेशी स्पर्धा कोरी आहे. हरले म्हणून नाही, खेळायला जागाच नव्हती म्हणून. इस्रायल आधी आशियात खेळायचं. 1967 ला हापोएल तेल अवीव आशियाई क्लब चॅम्पियन झाले, 1969 आणि 1971 ला मक्काबी तेल अवीव, त्यातही 1971 ची फायनल झालीच नाही कारण समोरची इराकी टीम खेळायला नाही म्हणाली. 1974 ला आशियाई संघटनेतून बाहेर काढलं, आणि युरोपच्या मुख्य स्पर्धांचं दार उघडलं ते थेट 1992 ला. मधल्या काळात उन्हाळ्यातली इंटरटोटो काय ती असायची. त्यामुळे 1974 ते 1992 च्या ओळींमध्ये रेघ मारू नका, "प्रवेश नव्हता" लिहा. रेघ बघून वाचणाऱ्याला वाटतं क्लब पात्रच ठरला नाही.

आता माहिती कुठून काढायची. अलीकडची वर्षं सोपी आहेत, खरी कसरत 1980 च्या मागे. इस्रायलच्या नॅशनल लायब्ररीने जुने पेपर स्कॅन करून फुकट ठेवलेत, हिब्रू "दावार", "मआरिव" आणि इंग्रजी हवं तर "पॅलेस्टाइन पोस्ट", जो 1950 ला "जेरुसलेम पोस्ट" झाला. मॅच बहुतेक शनिवारी, म्हणून रविवारचा अंक उघडा. "दावार" हा कामगार संघटनेचा पेपर आणि हापोएल ही त्याच संघटनेची स्पोर्ट्स शाखा, त्यामुळे तिथलं वर्णन वाचताना हे डोक्यात असू द्या, स्कोअर घ्या, कौतुक सोडा.

हिब्रू येत नसेल तरी पाच-सहा अक्षरं ओळखायला शिका, तेवढ्यावर काम निघतं. हापोएल म्हणजे हे, पे, वाव, आयन, लामेद, उजवीकडून डावीकडे. बेएर शेव्हाच्या नावात "बेत" हे अक्षर दोनदा येतं, पहिल्यांदा "ब" वाचायचं आणि दुसऱ्यांदा "व", एकच अक्षर! इंग्रजीत कुणी शेवटी बी लावतं कुणी व्ही, त्याचं कारण हेच, म्हणून दोन्ही स्पेलिंगने सर्च करा. ऑटो ट्रान्सलेटवर विसंबू नका, हापोएलचा अर्थ "कामगार" आहे आणि ते बिचारं कधी कधी तेच छापतं. शहराच्या नावावर पण जाऊ नका. पेताह तिक्वाचे दोन क्लब आहेत, 1959 ते 1963 सलग पाच वेळा लीग जिंकली ती हापोएलने, मक्काबीने नाही.

हाच क्लब का निवडला असं कुणी विचारतं. बेएर शेव्हाच्या जवळ दिमोना आहे, कोकणातून गेलेले बेने इस्रायली तिथे बरेच राहतात, घरात अजून मराठी बोलणारे आहेत, तर माझा जीव तिकडे ओढला, एवढंच.

शेवटी एक भरलेली ओळ दाखवतो, 2016-17 ची. स्तर 1, लिगत हाअल, 14 टीम, पहिला नंबर. शेरा: 40 वर्षांनी 2015-16 ला लीग जिंकली होती, हे सलग दुसरं, कोच बराक बाखार. युरोप: चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत ऑलिम्पियाकोसला काढलं, मग सेल्टिककडून 2-5 हार आणि घरी 2-0 विजय, एकूण 4-5 ने बाहेर. युरोपा लीग ग्रुपमध्ये इंटरला मिलानमध्ये 2-0, घरी 0-2 ने मागे पडून 3-2. साउथहॅम्प्टनशी पॉइंट सारखेच, पण आपसातल्या मॅच 0-0 आणि 1-1, तो परक्या मैदानावरचा एक गोल धरून बेएर शेव्हा पुढे गेले. मग बेशिक्ताशकडून बाहेर. एवढं सगळं एका सेलमध्ये मावत नाही, तर सेलला कॉमेंट लावा, पण तो 1-1 मात्र सेलमध्येच दिसू दे.