परसातल्या तळ्यासाठी ड्रमचा फिल्टर

तळ्यातलं पाणी गढूळ झालं की आपण ते उपसतो, नवं भरतो, आणि काही दिवसांत पुन्हा तेच. खरा त्रास दिसणाऱ्या गाळाचा नसतोच. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया उतरतो, आणि स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही मासे त्याने मरतात. काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, जे माशांना फारसं बाधत नाही आणि पाणवनस्पतींना खत म्हणून चालतं. या जिवाणूंना चिकटायला जागा आणि भरपूर प्राणवायू लागतो. फिल्टर बांधायचा तो त्यांच्यासाठी.

आधी तळ्यात पाणी किती ते काढा. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये मोजा, गुणाकार करा आणि त्याला १००० ने गुणा. २ मीटर लांब, १.५ मीटर रुंद, ०.७ मीटर खोल तळ्यात २१०० लिटर पाणी मावतं. दोन तासांत एकदा तरी ते सगळं फिल्टरमधून फिरायला हवं, म्हणजे तासाला हजारभर लिटर. पंपाच्या खोक्यावरचा मोठा आकडा पाणी वर न चढवता मिळणारा असतो, म्हणून पंप थोडा मोठाच घ्या.

एवढ्या तळ्याला २०० लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम पुरतो. त्यात पूर्वी खाण्याचाच पदार्थ भरलेला असावा. रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी नको. तळाशी गाळ सोडायला बॉल व्हॉल्व्ह बसवा आणि काठाखाली वीतभर अंतरावर पाणी बाहेर पडायचं भोक पाडा. दोन्हीकडे रबरी वॉशरसकट टँक निपल (भोकात बसवून पाइप जोडायचा तुकडा) लावा. आत येणारा पाइप एक इंची असेल तर बाहेर जाणारा दोन इंची हवा. पाणी आत पंप ढकलतो, बाहेर मात्र ते आपल्या उताराने जातं. माझ्या पहिल्या ड्रमला दोन्ही पाइप सारखेच होते. रात्रीत ड्रम भरून वाहिला, आणि सकाळी मासे वीतभर पाण्यात तडफडत होते. तेव्हापासून मी पंपही तळ्याच्या तळाला न टेकवता विटांवर ठेवतो, म्हणजे कुठे गळती झालीच तरी माशांपुरतं पाणी उरतं.

येणारा पाइप ड्रमच्या आतून तळापर्यंत न्या आणि टोकाला एल्बो लावून तोंड आडवं वळवा. पाणी गोल फिरतं आणि जड गाळ खाली बसतो. तळाचा वीतभर भाग मोकळा ठेवून विटांवर प्लॅस्टिकची जाळी टाका. तिच्यावर जाड छिद्रांचा स्पंज, मग बारीक छिद्रांचा. स्पंज ड्रमच्या व्यासापेक्षा बोटभर मोठा कापा, नाहीतर पाणी कडेच्या फटीतून निसटतं. सगळ्यात वर जाळीच्या पिशव्यांत सच्छिद्र लाव्हा दगड किंवा बाटल्यांची झाकणं भरा. पिशव्यांना दोरी बांधा, उचलायला सोपं जातं.

भरलेला ड्रम २०० किलोच्या वर जातो, तेव्हा बैठक पक्की आणि तळ्यापेक्षा उंच हवी. पंपाच्या लाइनला ईएलसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) लावाच, आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा.

पाणी थोड्या दिवसांत निवळेल, पण जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे मोजके, खाद्य कमी, आणि चाचणी किटने अमोनिया व नायट्राइट तपासत राहा. एखाद्या निरोगी जुन्या तळ्याच्या फिल्टरमधला स्पंज मिळाला तर वेळ बराच वाचतो. पंप रात्रीही बंद करू नका. वाहतं पाणी थांबलं की आतला प्राणवायू संपतो आणि जिवाणू मरू लागतात.

प्रवाह मंदावला की तळाचा व्हॉल्व्ह उघडून गाळ सोडा आणि स्पंज तळ्याच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत पिळा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं. हाताला लागणारा तपकिरी, बुळबुळीत थर पूर्ण काढू नका. त्याला ओल्या मातीसारखा वास येत असेल तर सगळं ठीक आहे. कुजक्या अंड्याचा आला तर कुठेतरी गाळ साचून प्राणवायू पोचत नाहीये, आणि ड्रम उपसून पाहायला हवा.

एवढं करूनही पाणी हिरवंच राहिलं तर ते तरंगतं शेवाळ आहे. ते इतकं बारीक असतं की स्पंजात अडकत नाही. त्यासाठी परतीच्या पाइपावर यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा बसवा, किंवा कमळाच्या पानांना निम्मं तळं झाकू द्या.