जुनी पटाशी घेताना आधी पाठ बघा

पुण्याच्या जुन्या बाजारात पटाशी, म्हणजे सुताराची लाकूड तासायची छिन्नी दिसली, की मूठ बघू नका. ती बाभळीची नवी बसवता येते. पाते उलटे करून सपाट पाठ बघा. वरवरचा गंज चालेल, पण धारेजवळ खोल खड्डे असतील तर ठेवून द्या. तिथे धार तुटकीच येणार. मग खिशातली बारीक कानस टोकावर हलकेच फिरवा. घसरली तर पोलाद कडक आहे, सहज चावली तर मऊ. टोक निळे पडले असेल तर ग्राइंडरवर तापून पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलेय, तेवढा भाग घासून काढावा लागेल. घरी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी ब्रशने घासा, सोड्याच्या पाण्याने धुऊन पुसा आणि लगेच तेल लावा. सागावर पहिलाच पातळ, अखंड छिलका निघतो तेव्हा फार समाधान वाटते!