गुडिड मासे जपताय? मग या चुका टाळा

मेक्सिकोतल्या तेउचित्लान नदीतून 'टकीला स्प्लिटफिन' हा गुडिड कुळातला (गोड्या पाण्यातल्या, अंड्यांऐवजी बहुधा थेट पिल्लं देणाऱ्या छोट्या माशांच्या कुळातला) इवलासा मासा संपला होता. 1998 मध्ये इंग्लंडचे हौशी मत्स्यपालक आयव्हन डिबल यांनी इंग्लंडमधल्या चेस्टर झूतल्या या माशाच्या पाच जोड्या मेक्सिकोतल्या मिचोआकाना विद्यापीठात नेऊन दिल्या. त्यांच्याच वंशातले मासे पुढे नदीत परत सोडले गेले. गुडिड कुळातल्या अशा माशांना दुकानात गिऱ्हाईक नाही, त्यामुळे ते जगतात ते हौशी लोकांच्या जिवावर. म्हणून आपल्या टँकमधली चूक इथे फार महागात पडते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मूळ ठिकाणाची नोंद न ठेवणं. 'झेनोटोका आयसेनी' म्हणून पाळल्या जाणाऱ्या गुडिड माशांमधून 2016 मध्ये डोआड्रिओई आणि लायोन्सी या दोन नव्या प्रजाती वेगळ्या निघाल्या. ज्यांनी टँकवर नावासोबत मूळ गावही लिहून ठेवलं होतं, त्यांना आपल्याकडे काय आहे ते लगेच कळलं. ज्यांनी 'दिसायला सारखेच तर आहेत' म्हणून सगळे एकत्र केले, त्यांची पैदास संवर्धनाच्या कामाची राहिली नाही. मासे एकाच नावाचे असले तरी ठिकाण वेगळं असेल तर टँक वेगळा हवा.

पिल्लं होत नाहीत? गप्पी या नेहमीच्या टँकमधल्या माशाची सवय विसरा. गप्पीची मादी एकदा मिलन झालं की त्यावर अनेक वेळा पिल्लं देते, गुडिडच्या मादीला दर खेपेला नर लागतो. नर लवकर वेगळे काढू नका.

नवजात पिल्लाच्या पोटाखाली पांढुरके, फितीसारखे धागे लोंबताना दिसले तर घाबरून औषध टाकू नका. आईच्या पोटात याच धाग्यांमधून त्याला पोषण मिळत होतं. थोड्याच काळात ते आपोआप नाहीसे होतात.

वर्षभर हीटर लावून ठेवणं हीसुद्धा नेहमीची चूक. यातल्या बऱ्याच प्रजाती उंचावरच्या झऱ्यांतल्या, त्यांना थंडीचे दिवस मानवतात. नाशिक-पुण्याच्या हिवाळ्यात हीटर बंदच ठेवा. मुंबईच्या मे महिन्यात मात्र पाणी गार ठेवायची सोय आधी करा, मगच मासे आणा.

फक्त सुंदर रंगाचे नर निवडत बसू नका, त्यानं रानटी वाण हरवतो. पिल्लं जास्त झाली तर तळ्यात-ओढ्यात तर मुळीच सोडू नका, ती दुसऱ्या भरवशाच्या माणसाला द्या, नोंदीसकट. एका रात्री वीज गेली आणि पंप बंद पडला तर तुमच्या टँकमधले मासे मरतील, तेव्हा त्यांचं बियाणं त्याच माणसाच्या घरातून परत आणता येईल.