तिसऱ्या पाहुण्याला गार पाणी?

होमस्टे भरला की ही तक्रार येतेच. मोठा गिझर घेण्याआधी शॉवरखाली बादली धरून मिनिटभराचं पाणी मोजा. १०-१२ लिटर पडत असेल, तर १५ लिटरचा गिझर तीन-चार मिनिटांत गार पडू लागतो. २ किलोवॉटच्या कॉइलला तो पुन्हा तापवायला वीसेक मिनिटं लागतात. शॉवरच्या मानेत मिनिटाला ६ लिटरचा फ्लो रिस्ट्रिक्टर (पाण्याची धार कमी करणारी छोटी चकती) बसवा. वॉशर नीट बसला नाही तर जोडातून ठिबकतं. बादली-मग मात्र ठेवाच, कित्येकांना तशीच अंघोळ आवडते.

किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल, तर गिझरचा अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी धातूची कांडी) दरवर्षी काढून बघा. झिजून आतली तार दिसली की लगेच बदला, नाहीतर टाकीच गंजते.