चपटा टोळ ओळखताना या चुका टाळा

रात्री खडकावर गरवताना, म्हणजे गळाने मासे धरताना, टोळ हा लांब चोचीसारख्या जबड्यांचा मासा लागतो. नेहमीपेक्षा पातळ दिसतो, अंगावर पट्टे असतात. लगेच फोटो काढला जातो आणि 'दुर्मीळ मासा' म्हणून फिरू लागतो. कधी तो खरंच वेगळा असतो, बहुतेक वेळा रोजचाच. मासा हातात असताना दोन मिनिटं नीट पाहिलं तर खात्री करता येते. कापून कालवणात गेल्यावर काही उपाय उरत नाही, आणि त्याची मला फार हळहळ वाटते.

किनाऱ्यावरून गरवणाऱ्याला क्वचित भेटणारा टोळ म्हणजे चपटा टोळ, इंग्रजीत फ्लॅट नीडलफिश, शास्त्रीय नाव ॲब्लेनेस हायान्स. त्याच्या प्रजातीत (जीनसमध्ये) तो एकटाच. जगभरच्या उष्ण समुद्रांत वरच्या पाण्यात फिरतो. त्याची गल्लत होते ती मोठ्या टोळाशी, म्हणजे हाउंड नीडलफिशशी (टायलोसुरस क्रोकोडायलस). दोघेही मीटरभराच्या वर वाढतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रंगावर भिस्त ठेवणं. चपट्या टोळाच्या मागच्या अर्ध्या अंगावर 12 ते 14 उभे गडद पट्टे असतात हे खरं, पण बर्फात पडलेल्या माशाचा रंग उतरतो. पाठीच्या पराच्या मागच्या टोकाला काळा भाग दिसला म्हणून निकाल देऊ नका. मोठ्या टोळाच्या पिल्लांनाही तो असतो, वाढताना जातो.

शेपटीवरूनही फसायला होतं. दोघांचीही शेपटी खोल दुभंगलेली, खालची पाकळी लांब. फरक आहे तो शेपटीच्या आधीच्या बारीक देठात. तिथे दोन्ही बाजूंनी नख फिरवा. मोठ्या टोळाला बारीक, काळसर उंच कंगोरा लागतो, चपट्याला लागत नाही. मग मासा समोरून बघा. मोठा टोळ जवळजवळ गोल नळीसारखा, तर चपटा दोन्ही बाजूंनी दाबलेला, पट्टीसारखा.

तरीही शंका उरली तर परांतल्या काड्या मोजा. हे काम कंटाळवाणं आहे, पण माझा सगळ्यात जास्त विश्वास यावरच आहे. पर ताणून धरा, मागून उजेड घ्या, टाचणीच्या टोकाने एकेक काडी पुढे सरका. चपट्या टोळाच्या पाठीच्या परात साधारण 23 ते 26 आणि पोटाखालच्या मागच्या परात 24 ते 28 काड्या असतात. मोठ्या टोळात वर 21 ते 24 आणि खाली 19 ते 22. म्हणजे एकात खालच्या काड्या बहुधा जास्त, दुसऱ्यात वरच्या.

शेपटीच्या बुडाशी गोल काळा ठिपका आणि शेपटी न दुभंगलेली असेल, तर तो स्ट्रॉन्जिल्युरा स्ट्रॉन्जिल्युरा, लहान अंगाचा टोळ. पण देठ वरून-खालून दाबलेला, उंचीपेक्षा रुंद असेल, तर मात्र थांबा. तो प्लॅटिबेलोन, म्हणजे आणखी एक वेगळा टोळ, असू शकतो. त्याच्या कल्ल्यांच्या कमानीवर दाते असतात, वरच्या तिघांना नसतात. म्हणून डोकं फेकू नका.

हिरवे काटे बघून काही जण मासा विषारी ठरवतात, काही दुर्मीळ. दोन्ही चूक. बिलिव्हर्डिन या रंगद्रव्यामुळे टोळांचे काटे हिरवे असतात, आणि मासा खाता येतो.

फक्त खालचा जबडा लांब असलेला छोटा मासा दिसला तर तो हाफबीक असेल किंवा टोळाचं पिल्लू. टोळात खालचा जबडा आधी वाढतो, वरचा मागून.

लांबी मोजताना चोच धरू नका, ती अनेकदा मोडलेली असते. कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेपासून शेपटीच्या बुडापर्यंत मोजा. अभ्यासकही टोळांसाठी हेच माप घेतात.

फोटोत नेमका देठ मुठीत झाकला जातो. मासा ओल्या फळीवर आडवा ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवा. एक फोटो पूर्ण अंगाचा, एक देठाचा वरून, एक पर ताणून. मासा ठेवणार असाल तर सरळ, न वाकवता बर्फात ठेवा आणि रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात दाखवा, तोही अख्खा.

आणि रात्री होडीतून पाण्यावर टॉर्च मारून त्याला शोधू नका. टोळ उजेडाकडे झेप घेतो. 2020 साली इंडोनेशियात एका मुलाच्या मानेत अशी चोच घुसली होती, आणि 1977 साली हवाईत एक दहा वर्षांचा मुलगा दगावला होता.