ठेका कुणाकडे? एकट्यानं इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवण्याआधीची तयारी

ख्याल रंगात आलेला असताना गवई मध्येच तंबोऱ्याकडे हात नेतो, उतरलेली तार लावून घेतो आणि परत समेवर येतो. हे जमतं, कारण तेवढा वेळ तबलजी ठेका सोडत नाही. लॅपटॉप, ड्रम मशीन आणि चार खटके घेऊन एकट्यानं बसणाऱ्यामागे असं कुणी नसतं. म्हणून तयारीची सुरुवात केबल मोजण्यापासून करू नका. लॅपटॉप अडकला तर ठेका कोण धरणार, हे आधी ठरवा. अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात दरबारी गवई होते, त्या कोल्हापुरात समेवर मान डोलवणारे लोक आजही समोर बसलेले असतात. आवाज नवा असला तरी ते ऐकून घेतात, पण लय तुटलेली त्यांना लगेच कळते.

बहुतेक जण लॅपटॉपला मुख्य ठेवतात आणि ड्रम मशीन त्याच्या मागून चालवतात. लॅपटॉपकडून मिडी क्लॉकचे, म्हणजे यंत्रांना एका लयीत ठेवणाऱ्या इशाऱ्याचे ठोके येतात, एका मात्रेला २४, आणि त्यावर मशीन चालतं. अडचण अशी, की लॅपटॉप बंद पडला की ठोके थांबतात आणि त्यांच्यावर चालणारं मशीनही जागीच थांबतं. म्हणून मी उलटं करतो. क्लॉक ड्रम मशीनचं आणि लॅपटॉप त्याच्या मागून. लॅपटॉपची लय अशा वेळी कधी कधी किंचित हलते, हे मान्य. पण मला ते हलणं चालतं, ठेका पडलेला चालत नाही. ड्रम मशीनचा आवाजही साउंड कार्डातून फिरवू नका. तो स्वतंत्र केबलनं थेट मिक्सरला न्या. मग घरी रोज एकदा, वाजवता वाजवता, लॅपटॉपची साउंड कार्डाला जाणारी केबल मुद्दाम उपसा. ठेका चालू ठेवून, त्यात भर घालत, सगळं परत उभं करून समेवर यायला किती आवर्तनं लागतात ते मोजा. मला सुरुवातीला चाळीसच्या वर लागायची, आता सोळात जमतं. एवढ्या वेळात ऐकणाऱ्याला वाटतं, कलाकारानं जागा मोकळी सोडली आहे.

विजेचं मी अनुभवातून शिकलो. दोन वर्षांपूर्वी एका छोट्या हॉलमध्ये पंचवीसेक मिनिटं छान वाजवून झालं होतं. कुणीतरी चहाची किटली माझ्याच एक्स्टेन्शन बोर्डला लावली आणि फ्यूज उडाला. लॅपटॉप बॅटरीवर होता, त्यामुळे पडद्यावर सगळं पळत होतं. मिक्सर आणि ड्रम मशीन मात्र बंद. ती मिनिटभराची शांतता अजून आठवते. तेव्हापासून ड्रम मशीन सेलवर चालणारंच वापरतो, मिक्सरला घरच्या कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस लावतो आणि बोर्डवर ठळक चिठ्ठी चिकटवतो: ‘इथे दुसरं काही लावू नये’. हॉलवाल्याला आधीच विचारा, जनरेटर आहे का, आणि लाईट गेल्यावर तो सुरू व्हायला किती वेळ लागतो.

विजेचाच दुसरा त्रास म्हणजे घुमणारा आवाज. आपली वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग दोन ठिकाणांहून मिळालं, की तेवढ्याच हर्ट्झचा खर्ज आणि त्याच्या वरचे स्वर स्पीकरमधून येतात. पट्टीत सांगायचं तर हा पांढरी पाचचा अगदी खालचा स्वर, किंचित चढा. तुमची रचना काळी एकमध्ये असेल तर तो सतत बोचत राहणार. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा, बऱ्याचदा तेवढ्यानं जातो. नाही गेला तर डीआय बॉक्सवरचं (वाद्याचा आवाज मिक्सरला जुळवून देणारी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, ते आवाजाच्या केबलमधली अर्थिंगची जोडणी तोडतं. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही मोडू नका. कुणी तसा सल्ला दिला तरी ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

लॅपटॉपचं थोडक्यात. वायफाय बंद, अपडेट बंद, जड प्लगइनचे (आवाज घडवणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरचे) ट्रॅक फ्रीज करून, म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवा. बफर म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी लॅपटॉप हाताशी साठवतो ते नमुने (सॅम्पल). घरी रेकॉर्डिंगला बफर ६४ ठेवत असाल तर मंचावर २५६ करा, म्हणजे लॅपटॉप अडखळत नाही. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला तेवढे नमुने असताना, २५६ म्हणजे साधारण सहा मिलिसेकंदांचा उशीर. दोन मीटरवर बसलेल्या तबलजीचा आवाज कानापर्यंत यायला तेवढाच वेळ लागतो, आणि त्याबद्दल आजवर कुठल्या गवयानं तक्रार केलेली नाही.

आता वाजवायचं काय. चाळीस मिनिटांसाठी सहा रचना पुरतात. सोळा ट्रॅक उघडे ठेवून बसलात तर हात नुसते आवरासावर करत राहतात. प्रत्येक रचनेत हातानं बदलायच्या तीनच गोष्टी ठरवा आणि बाकीचं घरी पक्कं करून टाका. मग ऐकायला वेळ मिळतो. माझ्या एका रचनेत हलगी आहे, एकीत गुऱ्हाळावरच्या चरकाची करकर. हलगी रेकॉर्ड केलीत तर वाजवणाऱ्याची परवानगी घ्या, मंचावरून त्याचं नाव सांगा आणि मानधनातला वाटा त्याला द्या. खासबागेत कुस्तीला रंग चढतो तो त्या हातांमुळे. तुकडा कापून लूप केला म्हणून ती कला आपली होत नाही. आणखी एक: सगळी रचना एकदा मोनोमध्ये ऐका. पुष्कळ हॉलमध्ये डावा-उजवा आवाज एकत्र करूनच स्पीकरला देतात. डाव्या-उजव्या बाजूंना पसरट केलेला खर्ज तिथे स्वतःलाच खोडून नाहीसा होतो.

साउंडवाल्याला आठवडाभर आधी साध्या मराठीत एक पान पाठवा. किती लाईन देणार, डीआय बॉक्स कुणाचे, टेबल केवढं, मॉनिटर कुठे. चार बाय दोनचं, न डगमगणारं टेबल हवं हे लिहायला विसरू नका. खर्जानं टेबल थरथरतं आणि केबल सैल होतात. कार्यक्रम उघड्यावर असेल तर पोलिसांचा परवाना लागतो आणि रात्री दहाला स्पीकर बंद करावा लागतो. म्हणून शेवटची रचना पावणेदहाच्या आत सुरू व्हावी, असा हिशोब मागून पुढे करा.

जून ते सप्टेंबर असेल तर दुचाकीवर सामान नेताना नुसत्या रेनकोटवर भिस्त ठेवू नका. प्रत्येक वस्तू वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत, आत सिलिका जेलची पुडी. पोचल्यावर लगेच चालू न करता अर्धा तास उघडं ठेवा.

साउंड चेकला खर्ज आधी ऐका आणि मंचावरून उतरून, शेवटच्या रांगेत उभं राहून ऐका. पत्र्याचं छत असलेल्या कार्यालयात टाळी वाजवून बघा. ती घुमत राहिली, तर झांजेसारखे तीक्ष्ण आवाज कमी करा आणि ठेका विरळ करा, कारण पत्रा स्वतःच त्यात भर घालतो. रिकाम्या हॉलमध्ये जास्त वाटणारा घुमारा माणसं भरल्यावर थोडा शोषला जातो, तेव्हा सगळंच कापून टाकू नका. कानात प्लग घाला. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ फक्त १५ मिनिटं धरतात आणि सराव, चेक, मैफल मिळून आपण त्याच्या कितीतरी पुढे जातो.

शेवटच्या दहा मिनिटांत मोबाईल फ्लाइट मोडवर, पाण्याची बाटली टेबलाखाली, टॉर्च खिशात. मिक्सरचे सगळे फेडर (आवाज कमी-जास्त करणारे सरकते खटके) खाली. आधी ड्रम मशीनचा एकच फेडर वर घ्या आणि नुसता ठेका दोन आवर्तनं जाऊ द्या. हॉलमधली कुजबुज बसते, पुढच्या रांगेत कुणाचा तरी पाय हलायला लागतो. तिसऱ्या आवर्तनाच्या समेवर लॅपटॉप आत आणा.