सीएनजीच्या टाकीत किती किलो वायू? पेंग-रॉबिन्सन समीकरणाने हिशेब

टाकीची पाणीक्षमता ६० लिटर, दाब २०० बार, तापमान ३०० केल्व्हिन. आदर्श वायूचे समीकरण लावले तर आत ७.७ किलो मिथेन बसतो. पेंग-रॉबिन्सन समीकरण तोच आकडा ९.५ किलोच्या आसपास देते. या दाबाला मिथेनचे रेणू इतके जवळ आलेले असतात की त्यांचे परस्पर आकर्षण सोडून देता येत नाही.

१८७३ मध्ये व्हॅन डर वाल्स यांनी आदर्श वायूच्या समीकरणात आकर्षण आणि रेणूंचे आकारमान या दोन दुरुस्त्या केल्या. कल्पना अचूक होती, आकडे मात्र जुळत नव्हते. त्यांच्या समीकरणातून क्रांतिक बिंदूपाशी (ज्याच्या वर द्रव आणि वायू असा फरक उरत नाही) संपीड्यता गुणक, म्हणजे झेड (प्रत्यक्ष आकारमान भागिले आदर्श वायूचे आकारमान), ०.३७५ येतो, मिथेनचा प्रत्यक्षात सुमारे ०.२९ आहे. १९७६ मध्ये अल्बर्टा विद्यापीठातल्या पेंग आणि रॉबिन्सन यांनी मांडलेल्या समीकरणातून ०.३०७ येतो. हायड्रोकार्बनसाठी आम्ही सुरुवात इथूनच करायला सांगू.

मिथेनसाठी तीन आकडे लागतात: क्रांतिक तापमान १९०.५६ केल्व्हिन, क्रांतिक दाब ४५.९९ बार आणि असेंट्रिक फॅक्टर (ओमेगा; रेणू साध्या गोल रेणूपेक्षा किती वेगळा वागतो त्याचे माप) ०.०११. प्रत्यक्ष सीएनजीत इथेन वगैरेही असतात, इथे शुद्ध मिथेन धरला आहे.

आधी तापमान आणि दाब त्यांच्या क्रांतिक मूल्यांनी भागून घ्या.

टीआर = ३०० ÷ १९०.५६ = १.५७४३
पीआर = २०० ÷ ४५.९९ = ४.३४८८

मग आकर्षण तापमानानुसार किती बदलते ते काढा.

कप्पा = ०.३७४६४ + १.५४२२६ × ओमेगा − ०.२६९९२ × ओमेगा² = ०.३९१६
अल्फा = [१ + कप्पा × (१ − √टीआर)]² = ०.८१०५

आता ए (आकर्षणाचा आकडा) आणि बी (रेणूंच्या आकारमानाचा आकडा).

ए = ०.४५७२४ × अल्फा × पीआर ÷ टीआर² = ०.६५०२
बी = ०.०७७८० × पीआर ÷ टीआर = ०.२१४९

ए आणि बी असेच काढा, असा आमचा आग्रह आहे. पुस्तकात बहुधा आधी वायू स्थिरांक घालून आकर्षण आणि आकारमानाचे स्थिरांक काढायला सांगतात, आणि ८.३१४ की ८३.१४ या गोंधळात निम्मी गणिते तिथेच चुकतात. वरच्या रूपात वायू स्थिरांक येतच नाही.

झेडसाठी घन समीकरण असे:

झेड³ − (१ − बी) झेड² + (ए − ३बी² − २बी) झेड − (ए×बी − बी² − बी³) = ०

आकडे घातल्यावर: झेड³ − ०.७८५१ झेड² + ०.०८१९ झेड − ०.०८३६ = ०. न्यूटनच्या पद्धतीने झेड = १ पासून सुरुवात करा. काही फेऱ्यांत ०.८११ वर स्थिरावते. एक्सेलमधली ‘गोल सीक’ (Goal Seek) सोय वापरली तरी चालेल, फक्त सुरुवातीचा अंदाज १ ठेवा.

वायू स्थिरांक लागतो तो आता, एकदाच. मोलर आकारमान = ०.८११३ × ८३.१४५ × ३०० ÷ २०० = १०१.२ घन सेंटिमीटर प्रतिमोल. रेणुभार १६.०४३ला त्याने भागा: घनता ०.१५८६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. ६० लिटरला ९.५ किलो.

तपासणीसाठी त्याच तक्त्यात दाब १ बार करा. झेड ०.९९८ यायला हवा. नाही आला, तर पहिला संशय तापमानावर घ्या: ३०० ऐवजी २७ अंश सेल्सिअस घातले असतील. दुसरा संशय कप्पाच्या सूत्रावर. सोव्हे यांच्या १९७२ च्या अशाच समीकरणात ते ०.४८० + १.५७४ ओमेगा − ०.१७६ ओमेगा² असे आहे. त्यातले कप्पा आणि इथले ०.४५७२४ एकत्र केले, तर आकडा दिसायला ठीक वाटतो पण चुकीचा असतो.

दाब नेहमी निरपेक्ष घ्या. गेजवरच्या वाचनात सुमारे १ बार मिळवावा लागतो. २०० बारला तो नगण्य, पण गेज २ बार दाखवत असताना विसरलात तर तिसरा हिस्सा वायू हिशेबातून गायब.

या उदाहरणात एकच वास्तव मूळ मिळते, कारण मिथेन क्रांतिक तापमानाच्या बराच वर आहे. एलपीजीतल्या प्रोपेनला २५ अंशांवर बाष्पदाबाजवळ तीन मुळे मिळतात. सर्वांत मोठे बाष्पाचे, सर्वांत लहान द्रवाचे, मधले टाकून द्यायचे. द्रवाचे मूळ हवे असेल तर सुरुवात बीपेक्षा किंचित मोठ्या आकड्यापासून करा. झेड बीपेक्षा लहान आला तर तो निरर्थक. दोन्हींपैकी कोणती अवस्था खरोखर टिकेल, हे फ्युगॅसिटी (वायूचा जणू ‘प्रभावी दाब’) कमी कुठे आहे त्यावरून ठरते, नुसत्या मुळावरून नाही.

तापमानाचा परिणाम भरताना जाणवतो. झपाट्याने भरलेला वायू तापतो. ५७ अंशांवर, म्हणजे ३३० केल्व्हिनला, टीआर आणि अल्फा बदलून पुन्हा सोडवा: झेड ०.८७१, आणि त्याच २०० बारला टाकीत फक्त ८.०५ किलो. टाकी थंड झाल्यावर काटा खाली येतो तो यामुळे, गळतीच असेल असे नाही.

मिश्रण असेल तर एची थेट सरासरी घेऊ नका. बीची मोल-अंशांनुसार सरासरी चालते, पण एसाठी प्रत्येक जोडीचे √(ए₁ × ए₂) × (१ − के) घेऊन (के हा त्या जोडीचा दुरुस्तीचा आकडा) मोल-अंशांसह बेरीज करावी लागते. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडच्या जोडीसाठी के सुमारे ०.१ आहे. तो शून्य धरला तर बाष्प-द्रव समतोलाचे आकडे बिघडतात.

हे समीकरण द्रवाच्या घनतेत काही टक्के चुकते, म्हणून पेनेलू यांची आकारमान-दुरुस्ती जोडतात. पाणी आणि अमोनिया यांच्यासारख्या ध्रुवीय पदार्थांवर ते मूळ रूपात वापरू नका. आणि पैशांचा व्यवहार ज्या मीटरवर चालतो, तिथे नैसर्गिक वायूसाठी जीईआरजी-२००८ हे अधिक अचूक समीकरण वापरा.